पाणी जिथल्या तिथे

डब्लिनच्या किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात, मंद उजेडात, काचेमागे एक माणूस ठेवलेला आहे. अख्खा नाही. डोकं नाही, कमरेखालचं काही नाही. छाती आणि दोन लांब हात तेवढे आहेत. छातीकडे बघवेना म्हणून मी बोटं बघत उभी राहिले. पेरांवरच्या रेषा इतक्या स्वच्छ की आजही ठसा उमटेल. नखं नीट राखलेली, राबणाऱ्याचे हात नव्हेत हे कुणीही सांगेल. दंडाला विणलेल्या चामड्याचा पट्टा. आणि दोन्ही दंडांना भोकं पाडून त्यांतून हेझलच्या कोवळ्या फांद्यांचे पीळ ओवलेले.

याला ‘ओल्ड क्रोहन मॅन’ म्हणतात. ख्रिस्तपूर्व ३६२ ते १७५ या दरम्यान कधीतरी, ऐन विशीत त्याला मारलं. आपल्याकडे मौर्यांचं राज्य उभं राहिलं आणि मोडलं, तो काळ. उंची अंदाजे साडेसहा फूट. तो सापडला २००३ मध्ये, आणि त्याच वर्षी मीथ परगण्यात पीट, म्हणजे दलदलीतली इंधन म्हणून जाळायची माती, चाळायच्या यंत्रात दुसरा एक सापडला. त्याच्या केसांना वनस्पतीचं तेल आणि पाइनची राळ लावलेली होती, आणि ती राळ फ्रान्स किंवा स्पेनकडून आलेली. केसांच्या कौतुकापायी समुद्रापारचा माल मागवणारा हा गडी मला उगाचच ओळखीचा वाटला. संग्रहालयातले तेव्हाचे पुरातत्त्वज्ञ एमन केली यांचं म्हणणं असं की हे राजे असावेत किंवा राजपदाचे दावेदार. पीक बुडालं, साथ आली की राजा नालायक ठरायचा आणि मुलखाच्या हद्दीवर त्याचा बळी जायचा. खरंखोटं कोण सांगणार? पण ओल्ड क्रोहन मॅन सापडला तेव्हा आधी पोलिसांनाच बोलावलं होतं. खून ताजा वाटावा इतकं ते प्रेत धडधाकट होतं.

सापडला कसा, तर क्रोहन टेकडीजवळच्या बॉगमध्ये, म्हणजे पीटच्या दलदलीत, चर खणताना. मी राहते त्या ऑफली परगण्यातलीच ही जागा. आयर्लंडच्या बॉगची गोष्ट मला नेहमी चरांची गोष्ट वाटते. आपल्याकडे डोंगरउतारावर समतल चर खणतात ते पाणी थांबावं, मुरावं म्हणून. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे गावातल्या भिंतींवर वाचत मी मोठी झाले. इथे मैलोन् मैल सरळ रेषेत खणलेले चर दिसतात ते पाणी पळून जावं म्हणून. तीन-चारशे वर्षं या देशातल्या शहाण्या माणसांनी बॉगकडे बघून एकच प्रश्न विचारला: यातलं पाणी काढायचं कसं?

मुळात हे पाणी साठलं कसं ते बघू. हिमयुग सरलं, साधारण दहा हजार वर्षांपूर्वी, तेव्हा देशाच्या मधल्या सखल भागात उथळ तळी मागे राहिली. काठाने बोरू, लव्हाळे वाढले, मेले, तळाशी बसले. पाण्याखाली हवा नाही म्हणून ते धड कुजले नाहीत. अर्धवट कुजलेल्या या थराला पीट म्हणायचं. तळं भरत आलं तसं त्यावर स्फॅग्नम हे मॉस, म्हणजे शेवाळासारखी वनस्पती, आलं, आणि खरा बॉग तिथून सुरू झाला. हे मॉस मोठं मतलबी. पाण्यातले क्षार स्वतः ओढून घेतं, बदल्यात आम्ल सोडतं, म्हणजे शेजारी दुसऱ्या कुणाचा संसार मांडला जायला नको. आपल्या कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी धरतं. खालून मरतं, वरून वाढतं. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर पीट साचतं. एक मीटर व्हायला हजार वर्षं लागतात. असं करत तळ्याच्या जागी घुमट उभा राहतो, काही ठिकाणी दहा मीटर जाडीचा, आणि जमिनीखालच्या पाण्याशी त्याचं नातं तुटतं. मग वरून पडेल त्या पावसावरच त्याची गुजराण. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त नुसतं पाणी असतं; आपण त्यावरून चालतो हेच नवल.

हा झाला मधल्या सपाटीवरचा ‘रेज्ड बॉग’. पश्चिमेला, मेयो-गॉलवेच्या बाजूला, जिथे पाऊस थांबायचं नाव घेत नाही, तिथे तळ्याचीही गरज पडत नाही. सरळ डोंगरउतारावर पीट पसरतं. तो ‘ब्लँकेट बॉग’.

ऑफलीतच क्लॅराचा बॉग आहे, पश्चिम युरोपातल्या उरल्यासुरल्या चांगल्या रेज्ड बॉगपैकी एक. दुरून बघाल तर दोन मिनिटांत गाडीत येऊन बसाल. तपकिरी माळ, वर राखाडी आकाश, झाड नाही. लाकडी फळ्यांच्या वाटेवर मात्र गुडघे टेकून बसावं लागतं. आमच्या वाटाड्या बाईंनी लेकीला मूठभर स्फॅग्नम पिळून बघायला दिलं, तर मनगटावरून कोपरापर्यंत पाणी ओघळलं, बिनदुधाच्या चहाच्या रंगाचं. पिळलेलं मॉस परत जागेवर ठेवलं, थोड्या वेळाने ते पुन्हा फुगलेलं. पहिल्या महायुद्धात कापूस अपुरा पडला तेव्हा जखमांवर याच मॉसच्या पट्ट्या बांधल्या होत्या. रक्त शोषायचं आणि आम्लामुळे जखम चिघळायची कमी.

फळीच्या कडेलाच सनड्यू होतं. नखाएवढी गोल पानं, त्यावर लाल केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. एका पानावर चिलट अडकलं होतं. त्याचा एक पाय अजून मोकळा होता आणि तो सारखा हलत होता. बाजूचे केस त्याच्याकडे वाकत होते, पण इतके सावकाश की डोळा लावून बघितलं तरी हालचाल कळेना. फळ्यांच्या टोकापर्यंत जाऊन आलो तेव्हा तो पाय केसांत गेलेला होता.

सातारकरांना यात नवल वाटायचं कारण नाही. कासच्या सड्यावर जांभ्याच्या कातळात पावसाळ्यात जे पातळ पाणी साचतं, तिथे दवबिंदू याच कुळातलं आहे, आणि सीतेची आसवंही किडेच खाऊन राहतात. कारण तेच. मुळांना खायला नाही, नायट्रोजनचा दुष्काळ, मग झाडाने शिकार करायची. आयर्लंडचा बॉग आणि आपला सडा, दोन्हीकडे बघून सरकारी कागदांवर ‘पडीक’ असा शिक्का बसतो हेही एक साम्यच.

हवा नाही, आम्ल आहे, थंडी आहे. अशा जागी पडेल ते टिकतं. लाकडी डब्यांत ठेवलेलं लोणी हजार-दोन हजार वर्षांनी निघतं. लॉन्गफर्ड परगण्यात कॉर्लीला १९८४ मध्ये पीट काढताना ओकच्या फळ्यांचा आख्खा रस्ता निघाला. डब्लिनच्या विद्यापीठातल्या बॅरी रॅफ्टरींनी तो उकरला आणि लाकडातली वर्षवलयं मोजून तारीख निघाली: ख्रिस्तपूर्व १४८. गाड्या जातील इतका रुंद, शेकडो ओक तोडून केलेला. आणि काही वर्षांतच स्वतःच्या वजनाने बॉगमध्ये बुडालेला! सार्वजनिक बांधकामाची परंपरा किती जुनी आहे बघा. आज त्यातले अठरा मीटर एका दालनात ओलसर हवेत जपून ठेवलेत.

२००६ मध्ये टिपरेरीत एका यंत्रचालकाला पीटमध्ये काहीतरी चामड्यासारखं दिसलं. त्याने यंत्र थांबवलं आणि वस्तू वाळू नये म्हणून तिच्यावर ओलं पीट लोटलं. ते स्तोत्रांचं हस्तलिखित होतं, साधारण बाराशे वर्षांपूर्वीचं. चामड्याच्या वेष्टणाच्या आत पपायरसचं अस्तर निघालं; म्हणजे भूमध्य समुद्राकडची वस्तू आयर्लंडच्या चिखलात. ओलं पीट लोटायची ती अक्कल कुठल्या पदवीने येत नाही. ती पिढ्यान् पिढ्या पीटमध्ये हात घातलेल्या माणसालाच असते, आणि पुढे पीट कापायच्या बंदीबिंदीच्या वादात ‘अडाणी’ म्हणून ज्यांची टिंगल झाली ती हीच माणसं, हे मला विसरता येत नाही.

मेयोतली केड फील्ड्सची गोष्टही अशीच. १९३० च्या दशकात पॅट्रिक कॉलफील्ड नावाच्या शिक्षकाला घरचं इंधन काढताना बॉगच्या तळाशी दगडांच्या ओळी दिसल्या. दगड पीटच्या खाली, म्हणजे पीटच्या आधीचे. त्यांचा मुलगा शेमस पुरातत्त्वज्ञ झाला आणि त्याने खणण्याऐवजी लोखंडी सळई खुपसत तो मुलूख पालथा घातला. सळई दगडाला लागली की तिथे खूण. खुणा जोडत गेल्यावर बांध दिसू लागले. पाच हजार वर्षांहून जुन्या शेतांचे बांध, मैलोगणती, सगळे पीटखाली. शेतकऱ्यांनी जंगल तोडलं, पावसाने माती धुतली, पाणी साचलं आणि बॉग शेतांवर चढला, असा एक तर्क आहे.

इंग्रजी राजवटीला बॉगचा मनस्वी तिटकारा. १६८५ मध्ये विल्यम किंग या धर्मगुरूने बॉगवर निबंध लिहिला. त्यात बॉग म्हणजे चोर-दरोडेखोरांचा आसरा आणि आळशी लोकांची निशाणी. १८०९ मध्ये, नेपोलियनशी युद्ध चालू असताना, सरकारने बॉगची पाहणी करायला आयोग नेमला. धाग्यासाठी हेम्प (भांगेच्या जातीचं पीक), जवस पिकवायला जमीन हवी होती. रिचर्ड ग्रिफिथ, अलेक्झांडर निमो असे अभियंते पावसात उभे राहून पातळ्या मोजत हिंडले. नकाशे देखणे झाले, शेती फारशी झाली नाही. डब्लिनहून शॅननकडे जाणारा ग्रँड कॅनॉल बॉगमधून नेला तेव्हा तर वेगळंच घडलं. पाणी काढलं तशी जमीन खचली, म्हणून कालव्याचे बांधच उंच करत न्यावे लागले. बॉगमधून पाणी काढलं की तो बसतो. हा धडा १८०० च्या आसपासच मिळाला होता.

गरिबाला मात्र या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. झाडं संपलेल्या देशात बॉग म्हणजे चूल. आमच्या शेजारच्या आजोबांनी मला त्यांचा श्लान दाखवला, लांब दांड्याची अरुंद कुदळ, पात्याला एका बाजूला काटकोनात पंख. त्याने ओल्या पीटची लांबट वीट निघते, तिला टर्फ म्हणतात. मे महिन्यात कापायचं, आडवं पसरायचं, वरची साय वाळली की पाच-सहा विटा एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, वारा खेळला पाहिजे. मग ढीग, मग गाडी, मग घर. ‘कापताना नाही गं कंबर मोडत, उभं करताना मोडते,’ आजोबा म्हणाले. हे उभं करणं म्हणजे सुट्टीतल्या पोरांचं काम. आणि थंडीत शाळेत जाताना प्रत्येक पोराने बगलेत एकेक वीट न्यायची, वर्गातल्या शेकोटीसाठी. जो आणणार नाही तो मागे बसणार.

दुसऱ्या महायुद्धाला इथे ‘आणीबाणी’ म्हणतात. आपल्याला तो शब्द वेगळ्याच वर्षाची आठवण देतो. ब्रिटनचा कोळसा आटला आणि राजधानीला उबेसाठी बॉगकडे यावं लागलं. डब्लिनच्या फिनिक्स पार्कमधल्या मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टर्फचे डोंगर रचले होते. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, बोर्ड ना मोना ही सरकारी कंपनी उभी राहिली आणि १९५० मध्ये पोर्टार्लिंग्टनला पीटवर चालणारं पहिलं वीजकेंद्र. श्लान गेला, यंत्रं आली. आधी चर, चरांनी पाणी उतरलं की वरची झाडोऱ्याची कातडी सोलून टाकायची, मग उन्हाळाभर काही मिलिमीटरचा थर खरवडायचा, वाळवायचा, गोळा करायचा, परत खरवडायचा. अरुंद रुळांच्या गाड्या तो भुगा वीजकेंद्राकडे न्यायच्या. आजोबांनी उमेदीची वर्षं त्या गाडीवर काढली.

या कंपनीला शिव्या घालणं आज सोपं आहे. पण परदेशी जाणाऱ्या बोटीशिवाय ज्या गावांना भविष्य नव्हतं, तिथे तिने पगार आणले, घरं बांधली, फुटबॉलची मैदानं केली. आपल्याकडे साखर कारखान्याभोवती गाव कसं वसतं, ते ज्याने पाहिलंय त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

किंमत नंतर कळली. आयर्लंडमध्ये एके काळी सुमारे तीन लाख हेक्टर रेज्ड बॉग होता. त्यातला अजून जिवंत, म्हणजे पीट साचवत असलेला, एक टक्क्याहूनही कमी आहे. हे आधी ओरडून कुणी सांगितलं, तर डच लोकांनी! त्यांनी स्वतःचे बॉग जवळजवळ संपवले होते. मॅथाइस स्काउटेन या डच अभ्यासकाने १९८३ मध्ये मायदेशी संस्था काढली, वर्गणी गोळा केली, आयर्लंडमधले तीन बॉग विकत घेतले आणि १९८७ मध्ये ते आयरिश सरकारलाच भेट दिले. क्लॅराच्या बॉगमध्येही तोवर चर पडले होते. तो याच धामधुमीत वाचला. त्याच्या मधून गेलेल्या जुन्या रस्त्याने आणि कडेच्या कापणीने तो काही मीटर बसला, ते मात्र भरून येणारं नाही.

कार्बनचा हिशेब त्याच्याही नंतर आला. जगाच्या जमिनीपैकी फक्त तीन टक्के पीटची आहे, आणि तिच्यात जगातल्या सगळ्या जंगलांतल्या झाडांपेक्षा जास्त कार्बन आहे. काँगोच्या खोऱ्यातला पीटचा प्रचंड पट्टा तर नकाशावर नीट आला तोच २०१७ मध्ये. ओला आहे तोवर हा कार्बन गप्प बसतो. चर खणला की हवा आत शिरते आणि हजारो वर्षं थांबलेलं कुजणं सुरू होतं. जाळायचीही गरज नाही. इंडोनेशियात १९९७ मध्ये निचरा केलेल्या पीटला आगी लागल्या त्या महिनोन् महिने धुमसत राहिल्या, जमिनीच्या आतून. आणि जाळलंच, तर तेवढ्याच उष्णतेसाठी पीट कोळशापेक्षा जास्त कार्बन सोडतं.

शॅननब्रिज आणि लेन्सबरोची वीजकेंद्रं डिसेंबर २०२० मध्ये बंद झाली, पुढच्याच महिन्यात बोर्ड ना मोनाने पीट काढणं कायमचं थांबवल्याचं जाहीर केलं. त्याआधीपासून दुसरी लढाई चालू होती, घरच्या चुलीसाठी टर्फ कापणाऱ्यांची. युरोपच्या अधिवासविषयक कायद्याखाली ५३ रेज्ड बॉग संरक्षित झाले, तिथली कापणी थांबवायची, मोबदला वर्षाला पंधराशे युरो, पंधरा वर्षं. गावोगाव संताप उसळला. आजोबांचं वाक्य होतं, ‘चाळीस वर्षं मी आगगाडीने नेलं ते चालत होतं, आता ट्रॉलीने आणलं तर गुन्हा.’

त्यांचा राग मला पटतो, निष्कर्ष नाही. सरकारने सिंहाचा वाटा खाऊन झाल्यावर नियम लावले, हे खरंच आहे. पण आता कापणीही श्लानने होत नाही. कंत्राटदाराचं यंत्र येतं आणि एका दुपारी वर्षाचं इंधन काढून जातं. आणि घुमटाच्या कडेला एकाने जरी चर खणला तरी मधलं पाणी उतरतं. मार्च २०२४ मध्ये संरक्षित बॉगमधली कापणी थांबत नाही म्हणून युरोपीय आयोगाने आयर्लंडला न्यायालयात खेचलं.

सगळं चांगल्या हेतूने होऊनही फसू शकतं, त्याचा नमुना गॉलवेतल्या डेरीब्रायनला आहे. २००३ मध्ये डोंगरावरच्या बॉगमध्ये पवनचक्क्या उभारताना अख्खा उतारच सुटला, पीटचा लोट नदीत गेला, मासे मेले. पर्यावरणाचा नीट अभ्यास न करता परवानगी दिली म्हणून देशाला पन्नास लाख युरो दंड आणि वर दिवसाला पंधरा हजार. चक्क्या शेवटी बंद पडल्या. दुसरा नमुना बागकामाचा. एका न्यायालयीन निकालानंतर मोठ्या प्रमाणावर पीट काढायला परवानग्या लागू लागल्या, रोपवाटिकांना माल मिळेना, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये लाटव्हियाहून ३,६०० टन पीट जहाजाने ड्रोहेडा बंदरात उतरलं. आपला बॉग वाचवायला दुसऱ्याचा उकरायचा. मी कुंड्यांसाठी नारळाच्या काथ्याचा भुसा आणते, पिशवीवर कधी भारताचं नाव असतं कधी श्रीलंकेचं. तोही समुद्र ओलांडूनच येतो म्हणा, पण नारळ दर वर्षी लागतात.

आता उलटं काम चालू आहे. कंपनीच्या तेहतीस हजार हेक्टरांवर चर बुजवायची सरकारी योजना आली. रुंद पट्ट्यांची यंत्रं पीटचाच बांध घालून थोड्या थोड्या अंतरावर चर अडवत जातात. पाणी पृष्ठभागाच्या जवळ आलं की आधी बॉगकॉटनचे पांढरे झुपके दिसतात, स्फॅग्नमला वेळ लागतो. सुरुवातीला मिथेन वाढतो, तरी एकूण हिशेब फायद्याचा. यंत्रांवर माणसं बरीचशी तीच, जुनी. आजोबांचा पुतण्या म्हणतो, ‘काकांनी खणले ते मी बुजवतो, दोघांचा पगार एकाच कंपनीने दिला.’ अशाच एका पुन्हा ओल्या झालेल्या बॉगवर क्रौंच पक्ष्यांनी घरटं केलं, देशातून नाहीसे झाल्यावर तीनशे वर्षांनी. २०२२ मध्ये त्यांची पिल्लं उडालीही. जागा गुप्त ठेवली आहे. कर्ल्यूचं मात्र काही खरं नाही. हिवाळ्यात आपल्या कोकणच्या खाड्यांवरही दिसणारा हा वाकड्या लांब चोचीचा पक्षी आयर्लंडच्या बॉगवर घरटी करायचा. २०१५ ते २०१७ च्या मोजणीत १३८ जोड्या उरल्या होत्या.

मागच्या हिवाळ्यात आमच्याकडच्या एका बॉगसाठी गावच्या सभागृहात बैठक झाली. चहा, बिस्किटं, भिंतीवर नकाशा. एका शेतकऱ्याने विचारलं, चर बुजवल्यावर पाणी माझ्या कुरणात चढलं तर? नकाशावरची निळी रेघ दाखवून त्याला सांगितलं, इथपर्यंतच येईल. तो म्हणाला, ‘माझ्या आजोबांनाही तुम्ही रेघ दाखवली होती, इथपर्यंतच वाळेल म्हणून. आमची विहीर आटली.’ बऱ्याच घासाघिशीनंतर ठरलं ते असं: त्याच्या हद्दीवरचा चर तसाच ठेवायचा, कुरणात पाण्याची पातळी मोजायच्या नळ्या बसवायच्या, आकडे दर महिन्याला त्याच्या हातात द्यायचे, आणि पाणी चढलं तर नुकसान कोण भरणार हे कागदावर लिहून द्यायचं. सही मात्र त्याने केली नाही. आधी वकिलाला दाखवतो म्हणाला. मला त्याचं बरोबर वाटलं.